सासूबाईंची हातगाडी

सासूबाईंना खुर्चीतून उठवण्यासाठी मी काय काय केलं नाही! खुब्याचं ऑपरेशन होऊन बरेच महिने उलटले होते. हाड जुळलं होतं. डॉक्टर सांगत होते, आता चालल्या नाहीत तर कायमच्या बसून राहतील. पण पुन्हा पडण्याची अशी धास्ती त्यांनी घेतली होती की दोह्यातल्या बिन महमूद भागातल्या आमच्या एवढ्याशा फ्लॅटमध्ये बाथरूमपर्यंतही व्हीलचेअरच लागायची. मी समजावलं, चिडले, एकदा अबोलाही धरला. शेवटी हात टेकले.

मग एका शुक्रवारी नवऱ्याच्या ऑफिसमधलं एक अमेरिकन जोडपं जेवायला आलं. ते मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे. चहा घेत नाहीत, हे मला ऐनवेळी कळलं, म्हणून उकळता चहा ओतून देऊन मी चडफडत कोकम सरबत केलं. जेवताना त्या बाईंनी आपल्या खापरपणजीची गोष्ट सांगितली. पंथाच्या लोकांचा छळ झाला, ते पश्चिमेकडे निघाले. अनेकांना बैलगाडी परवडेना, तेव्हा त्यांनी संसार हातगाडीवर लादला आणि ती स्वतः ओढत नेली. वाटेत बर्फाने गाठलं. मी एकेक वाक्य सासूबाईंना मराठीत सांगत होते.

"बायांनीपण ओढली?" त्यांनी विचारलं.

"हो. ही खापरपणजी तर विधवा होती. दोन लेकरं गाडीत घालून ओढत होती."

सासूबाई नंतर जेवल्याच नाहीत नीट. पाहुणे गेल्यावर मुलाला म्हणाल्या, "मला ती वाट बघायचीये."

मी कपाळाला हात लावला. घरातल्या घरात न चालणारी बाई निघाली अमेरिकेला! पण नवरा आईपुढे विरघळला आणि लेकीची उन्हाळ्याची सुट्टी तिकडे वळली. व्हिसा, तिकिटं, प्रत्येक विमानतळावरची व्हीलचेअर, सगळं माझ्या गळ्यात पडलं.

वायोमिंगच्या उघड्या माळावर त्या वाटेचा एक भाग जपून ठेवलाय. पाहुण्यांना ओढून बघायला तशाच लाकडी हातगाड्या असतात. तिथल्या म्हाताऱ्या स्वयंसेवकाने सासूबाईंना गाडीत बसण्याची खूण केली. त्यांनी नकारार्थी मान हलवली, समोरचा आडवा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि व्हीलचेअरमधून उठल्या. उभ्या राहिल्या. मी धरायला पुढे झाले, तर म्हणाल्या, "बाजूला हो गं, चाकाखाली येशील."

गाडी हलली. नवऱ्याने हळूच मागून हात लावला.

"ढकलू नको रे. कळतंय मला."

नदीवरच्या लाकडी पुलापर्यंत त्या गेल्या, थांबत, धापा टाकत, पण स्वतःच्या पायांवर. मी रडत होते आणि मला त्याची मुळीच लाज वाटली नाही. "रडतेस काय, पाणी दे," त्या म्हणाल्या.

परतताना दोह्याच्या विमानतळावर आम्ही बुक केलेली व्हीलचेअर घेऊन माणूस उभा होता. "माँजी, बैठिए," तो म्हणाला. सासूबाईंनी खुर्चीची मूठ त्याच्या हातून घेतली, पेंगुळलेल्या नातीला तीत बसवलं, तिच्या मांडीवर माझी पर्स ठेवली.

"यल्ला, चला," त्या आम्हाला म्हणाल्या आणि खुर्ची ढकलत निघाल्या. तो माणूस गोंधळून माझ्याकडे बघत राहिला. मी मोकळ्या हातांनी, ताठ मानेने सासूबाईंच्या मागे चालू लागले.