वांग्यांच्या राखणीला मी

आमच्या ड्रॉइंगच्या मास्तरांना एकदा काय सुचलं कोण जाणे, वर्गात म्हणाले, "आरशात दिसता तशा नको, मनात दिसता तशा स्वतःला काढून आणा. जिचं चित्र मला पटेल, तिच्या घरी येऊन मी तिच्या वडिलांशी बोलेन."

हे शेवटचं वाक्य मी घट्ट धरून ठेवलं. वाशीमच्या मुलींच्या शाळेत मी सहावीला होते आणि दिवाळीनंतर माझी शाळा बंद होणार होती. मामानं रिसोडचं स्थळ आणलं होतं. "मले शिकाचं हाय," असं माझ्या वडिलांना, बावांना, किती वेळा सांगितलं! पण आमच्याकडे पोरीचं बोलणं म्हणजे चुलीचा धूर. डोळे चोळायचे आणि कामाला लागायचं.

गावाबाहेर, मालेगावच्या रस्त्याला आमचा भाजीचा मळा, तिथंच घर. कापडाच्या दुकानातून एक मोठा पुठ्ठा मागून आणला. गेरू, हळद, नीळ आणि कोळसा घेऊन बसले. मनात मी कशी दिसत होते? चिडलेली! दुसरी कशी दिसणार? डोळे काढले ते पार कपाळाला भिडले. तोंड उघडं, कारण घरात सगळे ते मिटायला सांगत. मोकळ्या केसांना लाल मिरच्या लटकवल्या. जीभ काढावी की नाही याचा जरा विचार केला, आणि काढली. मग पुठ्ठा विहिरीच्या काठावर वाळत ठेवून नाल्यावर धुणं धुवायला गेले.

परत येते तर पुठ्ठा गायब! शोधत शोधत वांग्यांपाशी आले आणि बघतच राहिले. मधोमध रोवलेल्या बांबूवर, चुन्यानं तोंड रंगवलेल्या काळ्या मडक्याच्या खाली आणि तुटक्या वहाणेच्या वर, मी! रस्त्यानं जाणाऱ्यांची नजर भरल्या वांग्यांना लागू नये म्हणून बावांनी मला टांगलं होतं.

"बावा, हे काय केलं तुमी?"

"झ्याक काढलं वं पोरी! मडक्याले आता कोनी भेत नाही. हे पाहून म्हशीनं दावं तोडलं." उभ्या जन्मात बावांनी माझं असं कौतुक केलं नव्हतं.

"अवो, ते मी हावो!"

बावांनी चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "हाव, हायेस खरी," म्हणाले.

"मले शाळेत द्याचं हाय ते. काढा."

इथंच सगळं फसलं. नजरेसाठी टांगलेली वस्तू पीक निघेपर्यंत उतरवायची नाही. उतरवली तर तिनं झेललेल्या सगळ्या नजरा घरात शिरतात. माय तर किंचाळलीच, "हात नको लावू वं!" वांगी फाल्गुनापर्यंत चालणार आणि दिवाळी तोंडावर. मी पाय आपटले, रडले, जेवले नाही. कोणी ढुंकूनही पाहिलं नाही.

"मास्तर, माझं चित्र वांगी राखतंय," मी वर्गात सांगितलं. पोरी हसून हसून बाकावर आडव्या झाल्या. मास्तरांना वाटलं, ही थाप मारतेय. थाप पकडायला ते संध्याकाळी सायकल घेऊन मळ्यात हजर. चित्रासमोर उभे राहिले ते हलेचनात.

बावा धावत आले. "ओ मास्तर, वांग्यायकडं असे टक लावून पाहू नका जी!"

"वांगी कोण पाहतंय? ही कोण?"

"माही पोरगी."

"एवढी कशानं चिडली आहे?"

बावा मुंडाशाचं टोक चाळवत राहिले. मग हळूच म्हणाले, "शाळा बंद करून राह्यलो ना तिची." मास्तरांनी पुष्कळ समजावलं. बावांनी मान हलवली, पिशवीभर वांगी दिली, पण हो काही म्हणाले नाहीत. माझा धीरच सुटला.

दिवाळी झाली आणि मामा रिसोडच्या पाहुण्यांना घेऊन आला. मी लुगडं नेसून, रडून सुजलेले डोळे घेऊन आत बसले. पाहुणे सरळ घरात यायचे, तर बावांनी त्यांना वांग्यांकडे वळवलं. मी कुडाच्या फटीतून पाहत होते.

"हे काय टांगलं जी?" मुलाच्या बापानं विचारलं.

"हे तं माही पोरगी," बावा अगदी गरीब तोंड करून म्हणाले. "तिनं सोताच काढलं सोताले. आमी काही लपवत नाही, पाहून घ्या."

"आन हे जीभ?"

"थे बी तिचीच."

पाहुण्यांना एकदम घरची कामं आठवली. मामा पाय आपटत त्यांच्या मागे गेला. त्यांच्यासाठी केलेले पोहे आम्हीच खाल्ले. बावांना ताट नेऊन दिलं तेव्हा त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं, पण आमच्यात तशी रीत नव्हती. मी नुसतीच उभी राहिले.

"उद्या शाळा हाय ना तुही?" त्यांनी वर न पाहता विचारलं.

मी मान हलवली.

"फागुनात वांगे निंघतीन, तवा मडकं काढू," पोहे चावत ते म्हणाले. "तू मात्र तिथंच राह्य. पाहुणे अजून येतीन."