तीन किलोमीटरची डिझेल गाडी

मी गाडी घेतली ती सूड उगवायला. ऊन फार लागतं, वेळ वाचतो, बाईमाणसाला बरं पडतं, असं तेव्हा सगळ्यांना सांगितलं होतं. ते खोटं होतं. संतपूरच्या आमच्या घरापासून वाडीवरच्या शाळेचं अंतर तीन किलोमीटर. तेवढ्यासाठी शहाणा माणूस जुनी डिझेल गाडी घेत नाही, आणि चुकून घेतलीच तर ठेवत नाही. मी घेतली आणि दोन वर्षं ठेवली.

गाडी आधी आमच्या हेडमास्तरांची होती. ते औरादला राहायचे, पंधरा किलोमीटरवर. आमच्याकडची पोरं तेव्हा पुण्याला, हैदराबादला जायला लागली होती. हेडमास्तरांचा मुलगा त्याही पुढे, बेंगळुरूला लागला आणि त्यानं वडिलांना गाडी घेऊन दिली. पांढरी, चार दारांची. सकाळी ती संतपूरच्या स्टँडवर थांबायची. तिथे आम्ही चौघं शिक्षक उभे असायचो, तीन पुरुष आणि मी. तिघं मागे बसायचे. पुढच्या सीटवर हेडमास्तरांची पिशवी बसलेली असायची, खाकी कापडाची, आत डबा आणि चष्म्याचं घर. मी दोन पावलं पुढे झाले की ते काचेतून म्हणायचे, "बाई, गाडी भरलीया."

मग गाडी जायची आणि मी चालायला लागायची. रस्ता कच्चा, दोन्ही बाजूंना तूर, आणि पुढे गेलेल्या गाडीची धूळ माझ्या तोंडावर. शाळेत पोचले की हेडमास्तर घड्याळ बघायचे. चार वर्षं हे चाललं. चार वर्षं मी रोज दोन पावलं पुढे का होत होते, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

आमच्या घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर आहे हे शाळेत सगळ्यांना माहीत होतं. हेडमास्तरांनी जात कधी तोंडानं काढली नाही. मी सुरुवातीला त्यांच्या बाजूनंही विचार करून पाहिला, की परक्या बाईला शेजारी कसं बसवायचं, खेड्यात लोक काय म्हणतील, असं त्यांना वाटत असेल. मग एका उन्हाळ्यात महिनाभरासाठी एक नव्या बाई आमच्या शाळेत आल्या, त्यांच्या नात्यागोत्यातल्या. पहिल्याच दिवशी ती पिशवी उचलली गेली आणि मागच्या काचेपाशी ठेवली गेली. बाई पुढे बसल्या. मी स्टँडवर उभी राहून हे डोळ्यांनी पाहिलं. महिना संपला, बाई गेल्या, पिशवी परत सीटवर आली. त्या दिवसापासून मी मनातल्या मनात हेडमास्तरांना अहोजाहो करणं सोडून दिलं. लिहिताना मात्र हात तसा वळत नाही, शिक्षकी पेशाची खोड.

पुढे हेडमास्तरांची साखर डोळ्यांवर आली. बिदरच्या डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून सांगितलं. ही बातमी मला औरादच्या उस्तादाकडून कळली. हा उस्ताद म्हणजे गाड्या दुरुस्त करणारा म्हातारा, माझ्या नवऱ्याचा जुना दोस्त. नवरा पुण्यात एका कंपनीची गाडी चालवायचा आणि सुट्टीवर आला की उस्तादाकडे जाऊन बसायचा. गाडी विकायचीय हे ऐकल्यावर मी त्या रात्री जेवले नाही. दुसऱ्या दिवशी नवऱ्याला फोन करून म्हणाले, "ती गाडी मला पाहिजे."

तो म्हणाला, "ती कामून? दुसरी बघू की."

"तीच."

कागदांवर नवऱ्याचं नाव लागलं, मधला माणूस उस्ताद. गाडी माझ्याकडे येतेय याचा हेडमास्तरांना पत्ताच नव्हता. नवऱ्यानं रजा काढून आमच्या सोयाबीनच्या रिकाम्या रानात मला गाडी शिकवली. रानातली ढेकळं फुटली, माझा घामटा निघाला, पण मी पंधरा दिवसांत शिकले. माणसाला राग असला की क्लच लवकर कळतो.

पहिल्या दिवशी मी मुद्दाम उशिरा निघाले. तोवर तिघांतला एक शिक्षक बदलून गेला होता आणि उरलेले दोघं एका मोटारसायकलवर यायचे. हेडमास्तर औरादच्या बसनं संतपूरला उतरायचे आणि तिथून चालायचे. अर्ध्या वाटेवर मला त्यांची पाठ दिसली. हातात तीच खाकी पिशवी. मी माझी पिशवी, डब्याची, आधीच पुढच्या सीटवर ठेवली होती. नीट, मध्यावर. आवाज ऐकून ते कडेला सरकले आणि वळून बघितलं. गाडी ओळखली, मग मला ओळखलं. मी वेग कमी केला, काच खाली केली. माझं वाक्य तयार होतं. चार वर्षं ऐकलेलं वाक्य, त्यांच्याच सुरात म्हणायचं, एवढंच बाकी होतं.

त्यांनी हातच केला नाही. तोंड तुरीकडे वळवून उभे राहिले. विचारलंच नाही तर नाही कसं म्हणणार? मी पुढे गेले. आरशात ते रुमालानं तोंड पुसत होते. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण ताटात सगळं वाढून मीठच राहावं तसं झालं.

मग मी वाट बघायला लागले. आज ना उद्या ऊन लागेल, पाय दुखतील, आणि माणूस हात करेल. उन्हाळा गेला. पावसाळ्यात रस्त्याचा चिखल झाला, त्यांनी चपला हातात घेतल्या, हात केला नाही. मी रोज काच खाली करायची, रोज वर करायची. गाडी चालत होती ती माझ्या त्या एका वाक्यासाठी.

आणि गाडीला तीन किलोमीटर सोसेनात. हिवाळ्यात ती सकाळी सुरूच होईना. झाली तर काळा धूर सोडायची, शाळेच्या भिंतीवर डाग पडला. बॅटरी उतरायची. पोरांना ढकलायला लावायची लाज वाटायची म्हणून मी ती शाळेच्या उतारावर लावायला लागले. उस्तादानं बॉनेट उघडलं आणि कपाळाला हात लावला.

"अक्का, ये इंजिन गरमच व्हईना. काटा बघायलाव का न्हाई? तीन किलोमीटरात काटा उठतच न्हाई. आत समदी काजळी बसलीया. डिझेलला लांब पळवावं लागतंय. असंच चालवलात तर मरतंय बगा. इकून टाका, स्कूटी घ्या."

"आणि ठेवायची असली तर?"

"तर महिन्याला गाणगापूरला नेऊन आणा. इंजिन बी मोकळं, पुण्य बी."

गाणगापूरशी आमचा काय संबंध, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. दोघंही हसलो. पण त्याचं म्हणणं खरं होतं. गाडीतला काटा मी रोज बघायची. शाळेचं फाटक येईपर्यंत तो तळाशीच पडून असायचा.

एकदा शाळा सुटल्यावर गाडी घुरघुर करून बंद पडत होती. हेडमास्तर ओसरीवर उभे होते. त्या दोन वर्षांत पहिल्यांदाच आपणहून माझ्याजवळ आले, पण काचेपासून दोन हात लांब उभे राहिले.

"बाई, किल्ली अर्धी फिरवून थांबत जावा. पिवळा दिवा लागतंय बगा. तो इझंस्तवर थांबायचं, मग सुरू करायचं. तुम्ही लई घाई करायलाव."

त्यांनी सांगितलं ते बरोबर असणार, गाडी त्यांच्या हाताखाली वाढलेली. मी त्यांच्या डोळ्यांदेखत किल्ली एका झटक्यात फिरवली. गाडी खोकली आणि चार वेळा तसं केल्यावर सुरू झाली. त्यानंतर मी तो दिवा विझेपर्यंत कधीच थांबले नाही. नवऱ्यानंही फोनवर तेच सांगितलं होतं, पण आता ते हेडमास्तरांचं झालं होतं. त्यांचं ऐकून माझी गाडी चालावी हे मला चालणार नव्हतं. उस्तादानं त्या वर्षात हीटरचे प्लग दोनदा बदलले.

विकायची नव्हती, तर लांब पळवायला हवी होती. म्हणून मी काय केलं ते सांगते, आणि ते सांगताना मला अभिमान वाटत नाही. संध्याकाळी शाळा सुटली की वाडीवरून निघायची, चालणाऱ्या हेडमास्तरांच्या बाजूनं जायची, संतपूरला घरापाशी न थांबता तशीच औरादच्या रस्त्याला लागायची. औरादच्या वेशीपर्यंत जायची आणि वळून परत. काटा मध्यावर यायचा, इंजिनाचा आवाज मऊ व्हायचा. परतताना संतपूरच्या स्टँडवर हेडमास्तर औरादच्या बसची वाट बघत उभे दिसायचे. ज्या गावाला त्यांना जायचं होतं तिथून मी रिकामी गाडी फिरवून आणलेली असायची. आठवड्यातून दोनदा, तीनदा. त्यांना ते कळत होतं. बाकावर बसलेले असले तरी माझी गाडी दिसली की उठून उभे राहायचे, ते का, हे मला कधी कळलं नाही.

दिवाळीला नवरा आला. माझा हा फेरा ऐकून त्यानं चहा खाली ठेवला.

"गाडी तुला शाळेला न्यायलीया, का तू गाडीला फिरवायला न्यायलीस? इकून टाक."

"विकते की."

"कवा?"

रोज सकाळी वाटायचं, आज विकू. रोज ती पाठ दिसली की वाटायचं, आजचा दिवस बघू, आज हात करतील.

मग त्यांची निवृत्ती आली. आमच्याकडे रीत अशी की निवृत्त होणाऱ्या शिक्षकाला शाळेत शाल, नारळ, हार देऊन तसंच सोडायचं नाही. सगळ्या शिक्षकांनी मिळून गाडीतून त्याला घरी पोचवायचं, गळ्यात हार तसाच ठेवून, अगदी दारापर्यंत. त्याच्या घरचे ओवाळतात, मग सगळ्यांना जेवण. त्या दोघा शिक्षकांनी महिनाभर आधीच ठरवून टाकलं.

"बाईंची गाडी हायच. सरांचीच गाडी, सर तिच्यातच घरी जातील. लई झ्याक दिसंल."

मला कुणी विचारलं नाही. जे हेडमास्तरांनी दोन वर्षं तोंडानं मागितलं नव्हतं, ते आता हार घालून, फुलं लावून, न मागता त्यांना मिळणार होतं. आणि चालवणार मी. नाही म्हटलं असतं तर सगळी वाडी मलाच नावं ठेवणार होती. रात्रभर मी पेटलेली होते. दोन वर्षं ज्याचा निर्णय होत नव्हता तो एका रात्रीत झाला. सकाळी मी उस्तादाला फोन केला आणि म्हणाले, "मिळेल त्याला दे. महिनाअखेरच्या आत गेली पाहिजे."

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी गाडी गेली. हुलसूरकडचा कुणी सोयाबीनचा व्यापारी होता म्हणे. मी त्याचं तोंडही बघितलं नाही, किल्ली उस्तादाच्या हातात दिली. कार्यक्रमाच्या दिवशी वाडीपर्यंत चालत गेले. शिक्षकांना सांगितलं, "गाडी विकली हो, इंजिन गेलं होतं." त्यांची तोंडं उतरली. भाषणं झाली, शाल झाली. मी पण दोन शब्द बोलले, चांगलेच बोलले. मनात एकच चित्र होतं: गळ्यात हार, हातात नारळ, आणि हेडमास्तर त्या रस्त्यानं चालत निघालेत.

तेवढ्यात फाटकातून गाडी आत आली. पांढरी, चार दारांची, बॉनेटवर झेंडूची माळ. खाली उतरलेला माणूस चाळिशीचा, पोट सुटलेला. तो सरळ हेडमास्तरांच्या पाया पडला.

"सर, मला वळखलाव का? हुलसूरच्या शाळंत तुमच्या हाताखाली होतो. उस्ताद म्हणाला गाडी तुमची व्हती, आन आज तुमचा निरोप हाय. तवा म्हनलं, मीच सोडतो."

वाडीच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. हेडमास्तर पुढे बसले. मागे दोघं शिक्षक बसले आणि तिसऱ्या जागेवर शाल, नारळ, भेटवस्तू भरलेली पिशवी. मी ओसरीवर उभी होते. हेडमास्तरांनी मला बघितलं आणि मागे वळून शिक्षकांना म्हणाले, "ती पिशवी मांडीवर घ्या. बाईंना बसू द्या." मग मला, "या बाई, संतपूरला उतरा."

मी पायऱ्या उतरून काचेपाशी गेले. सहा वर्षं साठवलेलं वाक्य त्यांच्याच सुरात म्हटलं.

"न्हाई सर. गाडी भरलीया."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांच्या चेहऱ्यावर शोधलं. लाज, राग, आठवण, काहीतरी. काहीच नव्हतं. त्यांना फक्त वाटलं की बाई संकोच करतायत. "बसा की, जागा हाय," ते पुन्हा म्हणाले. 'गाडी भरलीया' हे वाक्य त्यांनी किती वेळा म्हटलं होतं, त्यांच्या लक्षातच नव्हतं. मी एकटीच ते जपून बसले होते.

मी मान हलवली. त्यांनी काच वर केली.

त्या माणसानं किल्लीला हात घातला. आतून हेडमास्तरांचा आवाज आला, "दिवा इझंस्तवर थांब." तो थांबला. गाडी एका दमात सुरू झाली, धूर न सोडता. फाटकातून वळून वाडीच्या रस्त्याला लागली आणि तिची धूळ उठली. मी पदर तोंडावर घेतला आणि चालायला लागले. औराद लांब होतं, काटा चांगला मध्यावर येणार होता.