नीलाची भरलेली बॅग

रोल्लाच्या बाजारात मेथीची जुडी हातात घेतली होती, तेवढ्यात समोरच्या घरातल्या सुहासचा फोन आला. "वहिनी, लवकर या..." मी विचारलं, "आई गेल्या का?"
"नाही वहिनी. नीला. अटॅक आला."

आई म्हणजे सुहासच्या बायकोची, नीलाची, मिरजेची आई. त्या जातील आणि आपण वेळेवर पोचणार नाही, ही धास्ती नीलानं इतकी वर्षं उराशी धरली होती, की त्या घरातून वाईट बातमी येईल ती मिरजेचीच, असं मीही धरून चालले होते. दुबईत, अल कुसैसमध्ये आमची दारं समोरासमोर. तिच्या दारामागं एक निळी बॅग कायम भरलेली. आत पांढरी सुती साडी, ब्लाऊज, टूथब्रश. अवेळी फोन वाजला की ती आधी बॅगेकडे बघायची, मग फोनकडे. बर दुबईच्या देवळात जातानाही बॅग डिकीत! "अगं, देवाला भेटायला चाललोय, एअरपोर्टला नाही," मी चिडवायचे. तिला हसू यायचं नाही.

हे खूळ तिनं एका राणीकडून उचललं होतं. सुहासची कंपनी युरोपातल्या एका लहानशा देशाची. तिथली राणी परक्या मुलखातून लग्न करून आलेली. नीला मोबाइलवर तिचे व्हिडिओ बघत बसायची... राजाच्या अर्धं पाऊल मागं कशी उभी राहते, कुणाचं नाव कसं विसरत नाही, कंटाळा चेहऱ्यावर कसा येऊ देत नाही. नीलाचंही तेच चाललेलं. सुहास मोठ्या हुद्द्यावर. पार्ट्या, पाहुणे, बॉसच्या बायकोच्या गुडघ्याची चौकशी. मी तिला 'राणीसरकार' म्हणायचे.

"ती कुठंही टूरवर गेली ना, तरी सामानात एक काळा ड्रेस असतोच," नीला एकदा म्हणाली. "घरी कुणी गेलं तर विमानातून रंगीत कपड्यांत उतरायला नको म्हणून. इमॅजिन कर, केवढं टेन्शन घेऊन हसत असेल ती!"

राणीचं निमित्त होतं. वडील गेले तेव्हा नीला कंपनीच्या डिनरमधून तशीच विमानतळावर धावली होती. मिरजेच्या दारात उतरली ती केशरी रेशमी साडीत, गळ्यात मोत्यांचा सर. जमलेल्या बायका वडलांना सोडून तिच्या साडीकडेच बघत राहिल्या. आईच्या वेळी तिला हे होऊ द्यायचं नव्हतं.

पुढे राजा-राणी इथं आले. कंपनीच्या स्वागत समारंभात रांगेत उभ्या बायकांशी राणी हात मिळवत होती. नीलाला तिनं विचारलं, घरचे इथंच असतात का? नीला म्हणाली, आई लांब आहे. "माझीही," राणी म्हणाली आणि पुढं सरकली. घरी आल्यावर नीला मला एवढंच सांगत होती, "हात गार पडला होता गं तिचा..." त्या दिवशी मला नीलाची काळजी वाटली, रागही आला. इतकं भीत कुणी जगतं का?

शवपेटीबरोबर मी आणि सुहास निघालो. कपडे भरायचं मला सुचेना. सुहासनं दारामागची बॅग माझ्या हातात दिली. "हीच घ्या वहिनी. भरलेली आहे."

मिरजेला मी ती साडी नेसले. ब्लाऊज खांद्यावरून उतरत होता. आईंनी मला जवळ बसवलं, पदर बोटांनी चाचपला. "माझ्यासाठी घेऊन ठेवली होती ना तिनं ही?" मी नुसती रडले.

बॅग आता माझ्या दारामागं आहे. साडी धुऊन, इस्त्री करून परत आत ठेवली. "ममा, व्हाय आर वी कीपिंग धिस?" लेक विचारते. परवा भलत्याच वेळी नाशिकहून माझ्या आईचा फोन वाजला. मी आधी बॅगेकडे बघितलं.