ओल्या गॉजवरचा हात

"वारा सरला का?"

पोटाचं ऑपरेशन झालेल्या प्रत्येकाला आमची सिस्टर सकाळी पहिलं हेच विचारायची. भिवंडीतल्या एका लहान खासगी रुग्णालयात मी ड्रेसर होतो, जखमा धुऊन पट्ट्या बांधणारा; ती वॉर्डाची प्रमुख. वळ गावची, विधवा, आवाज खणखणीत. कोणी लाजला की म्हणायची, "लाजतंस कशाला? आतड्याला हात लावला का ते रुसून झोपतं. जागं झालं का वारा सोडतं. तवर पानी न्हाय."

लूमवरच्या कामगारांना ती स्वतःच्या पोटावर बोट फिरवून शिकवायची. इथं जठर, आंबट पाण्यात घास विरघळवणारं. खाली लहान आतडं, वेटोळं घालून बसलेलं. अन्नातलं सत्त्व तेच ओढून घेतं. उरलेल्यातलं पाणी मोठं आतडं शोषतं. "अंदर सब गरीब मजदूर है," ती सांगायची, "छुट्टी नहीं मिलती."

एका दुपारी दापोड्याच्या गोदामावर गाडी आधी लावण्यावरून मारामारी झाली. भोसकलेल्या टेंपोवाल्याला त्याच्या भावानं आणलं. जखमेतून आतडं बाहेर आलं होतं आणि भाऊ ते हातानं आत कोंबत होता. सिस्टरनं त्याच्या हातावर फटका मारला. "धकेलना नहीं. गीला रखना है." तिनं सलाईननं भिजवलेलं गॉज आतड्यावर ठेवलं, वर हात धरला.

तेवढ्यात त्याच मारामारीतली दोन पोरं टेंपोवाल्याला संपवायला आत घुसली. पुढच्याच्या हातात लोखंडी रॉड. तो तिच्या सख्ख्या दिराचा मुलगा.

"काकी, बाजूला हो."

"न्हाय होनार. रॉड खाली ठेव."

त्यानं रॉडचं बोथट टोक तिच्या पोटात जोरात ढोसलं. ती स्ट्रेचरवर वाकली, पण गॉजवरचा हात सुटला नाही. मी आणि वॉचमन धावलो, तेव्हा पोरं पळाली.

टेंपोवाला ऑपरेशनला गेला. सिस्टर "काय न्हाय झालं" म्हणत कामाला लागली. संध्याकाळी भिंतीला टेकून तिनं माझा हात आपल्या पोटावर ठेवला. फळीसारखं कडक.

"आत फाटलंय," ती शांतपणे म्हणाली. "घाण सगली पोटात सांडली. डॉक्टरांना बोलव."

तिचंही ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी हवालदार जबाब घ्यायला आला. त्याच्याआधी तिचा दीर खाटेच्या पायथ्याशी येऊन उभा होता.

"वैनी, पडले म्हनून सांगा. घरातला पोर हाय."

तिच्या नाकात नळी होती. बोलताना ओठ फुटत होते. तरी तिनं पुतण्याचं नाव सांगितलं, बापाच्या नावासकट. दीर ऐकत होता.

"पडले न्हाय मी. त्यानं मारलं."

त्यानंतर घरचं कोणी भेटायला आलं नाही. जंतू रक्तात पसरले, ताप उतरेना. पाचव्या दिवशी सकाळी ती गेली.

त्याच सकाळी टेंपोवाल्याला पहिल्यांदा पेज द्यायला सांगितलं होतं. वाटी मीच नेली. दोन चमचे घेऊन तो थांबला.

"सिस्टर नहीं आईं आज?"

"पहले पी लो," मी म्हणालो.

त्यानं वाटी संपवेपर्यंत मी तिथेच उभा राहिलो.