एकोणतीस तक्ते

तीन मार्च. नव्या गाडीतल्या पहिल्या फेरीत तपासलेली माणसे: एकोणतीस.

त्या दिवशी अंगणात दोन कॅम्पर व्हॅन शेजारी शेजारी उभ्या होत्या आणि त्यांतली एकच ठेवायची होती. जिथे दवाखाना पोहोचत नाही अशा वस्त्यांवर जाऊन या घरची बाई बावीस वर्षे लोकांची श्रवणशक्ती तपासत आली होती. लोक तिला कानवाली बाई म्हणत. नवरा सुतार, आणि फेरीवर चालकही तोच. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, यांचे चाकांवर. फेरीत झोपणे, शिजवणे आणि तपासणे, सारे गाडीतच.

जुनी गाडी नवऱ्याने आतून स्वतः बांधली होती: लाकडाच्या दुहेरी भिंती, मध्ये जुन्या पांघरुणांचा भराव. तिच्यात वाकून वावरावे लागे, आणि रोज टेबल मोडून पलंग करावा लागे. हिवाळ्यात घेतलेल्या नव्या गाडीत ताठ उभे राहता येई. पलंग कायमचा, नळ होता, फ्रिज होता. नवऱ्याची पाठ धरलेली. माणसाने माणसासारखे उभे राहावे एवढेच त्याचे मागणे होते, आणि ते गैर नव्हते.

जुनी गाडी न्यायला रविवारी धाकटा दीर येणार होता. त्याआधी तिने सवयीप्रमाणे कागदावर दोन रकाने आखले. उंची, पलंग, ब्रेक, इंधन अशा बारा ओळींपैकी दहांत नवी वरचढ ठरली. कानामागून आली आणि तिखट झाली, असे ती हसत म्हणालीही. शेवटची ओळ होती तपासणीची. तिथे डोळे मिटून ‘सारखीच’ लिहिता आले असते. पण न मोजलेले लिहायची तिच्या हाताला सवय नव्हती. तिने शेजारच्या निवृत्त पोस्टमनकाकांना बोलावले. त्यांचे कान ती दरवर्षी तपासत असे.

कानांवर हेडफोन, हातात बटण. सूर ऐकू आला की दाबायचे. नव्या गाडीत काकांना खालचे, जाडे सूर ऐकूच आले नाहीत. अर्ध्या तासाने जुन्या गाडीत बसवले, तर एकही सूर चुकला नाही.

“काका पेंगत होते,” नवरा म्हणाला.

“पेंगायला मला नोकरी लागायची,” काका म्हणाले. “आता जागाच असतो.”

मग नवरा स्वतः बसला. तोच प्रकार. फ्रिज बंद केल्यावर थोडा फरक पडला, पण पुरता नाही. नव्या गाडीच्या पातळ भिंतींतून वाऱ्याची आणि दूरच्या रस्त्याची घरघर आत येत होती. सवयीने ती कुणाच्या लक्षातही येत नसे, पण हलके, जाडे सूर तिच्याखाली बुडून जात.

कुणाला कोणता सूर किती ऐकू आला ते रेघेने दाखवणारे, फेरीतले एकोणतीस तक्ते काढून तिने जमिनीवर ओळीने मांडले. सव्वीस तक्त्यांत रेघ एकाच जागी खचली होती. फेरीत प्रत्येक तक्ता तिने वेगळा वाचला होता, म्हणून प्रत्येक चूक खरी वाटली होती. शेजारी शेजारी ठेवले असते तर पहिल्याच आठवड्यात उमगले असते. यंत्र खोटे बोलले नव्हते. तिने विचारण्याची जागा बदलली होती, आणि उत्तर माणसांच्या माथी मारले होते.

रविवारी दीर दारात उभा राहिला. “वहिनी, जुनं ते सोनं म्हणतात, आणि तुम्ही ते मला देताय?”

तिने नवऱ्याकडे पाहिले. सांगायचे त्यालाच होते. पाठ त्याची होती.

“सोनं आम्हाला लागणार आहे,” तो म्हणाला. “तू नवी घेऊन जा.”

“अहो, पण तुमची पाठ?”

“मी वाकेन गं. तक्ता वाकायला नको.”

पुढच्या आठवड्यात त्याने जुन्या गाडीच्या छताचा एक चौकोन कापून वर उचलला. एका माणसाला ताठ उभे राहता येईल एवढाच. तिथे दोघे आळीपाळीने उभी राहू लागली.

मग ती उलट्या फेरीला निघाली. प्रत्येक दारात तिने एकच सांगितले, की चूक तिची होती, कानांची नव्हे. कुणी हसले, कुणी रागावले. एका आजींनी कान चांगले निघाल्याचे सुनेला कळवू नये अशी विनंती केली; सून आताशा प्रत्येक गोष्ट दोनदा सांगते, तेवढे तरी सुख राहू दे, म्हणाल्या. बालवर्गाच्या एका शिक्षिकेने मात्र त्या तक्त्याच्या भरवशावर आपला वर्ग सोडला होता. जुन्या गाडीत तिला सगळे सूर ऐकू आले. हेडफोन न काढताच तिने शाळेसाठी पत्र मागितले, आणि कानवाल्या बाईने ते तिथेच, स्वतःची चूक पहिल्या ओळीत मांडून लिहिले.

जूनअखेर पंचवीस जणांची फेरतपासणी झाली. चौघांची राहिली आहे. शिक्षिकेला तिचा वर्ग अद्याप परत मिळालेला नाही.