घोषणा कोणी दिली?

माझा मोबाईल प्रोजेक्टरला जोडला होता. कॉन्फरन्स हॉलमध्ये. भिंतभर. माझ्या स्क्रीनला तडा गेलाय, तो भिंतीवर दिसत नव्हता, तेवढाच काय तो फायदा.

"स्टेटस उघडा," डायरेक्टर सर म्हणाले.

उघडलं. सगळा स्टाफ बघतोय. प्रोफेसर, अकाउंटवाले, ज्यांना मी रोज गुड मॉर्निंग म्हणते ते सगळे. स्टेटसला फोटो होता. युनिव्हर्सिटीच्या गेटवर मेसच्या मावश्या उभ्या आहेत, बाजूला मी, दंडाला काळी फीत. खाली लिहिलेलं, 'मावश्यांना परत घ्या'. बास, एवढंच!

"मोठ्याने वाचा."

वाचलं.

"आता डिलीट करा. सगळ्यांना दिसू दे."

घाईत बोट घसरलं. भलतंच कुठेतरी दाबलं गेलं आणि भिंतीवर पप्पा आले. बनियनवर, जेवताना, तोंडात घास. हॉल हसला. अख्खा हॉल! सर पण हसले. मग म्हणाले, "चिखलीला घरकुलमध्ये राहता ना? तिथल्या सवयी तिथेच ठेवायच्या. वरून आदेश आलेत, स्टाफने राजकीय काही टाकायचं नाही. तुम्हाला आम्ही इथे एसीत बसवलंय, ते लक्षात ठेवा."

बसवलंय म्हणे. जसं काय मला रस्त्यावरून उचलून आणलं होतं.

डिलीट केलं. खाली बसले. शेजारच्या मॅडमनी खुर्ची जरा लांब सरकवली. ते मी विसरणार नाही.

आता सगळं नीट सांगते. तळेगावच्या पुढे ही युनिव्हर्सिटी. मी तिथे कॉन्ट्रॅक्टवर, परदेशी विद्यार्थ्यांच्या डेस्कला. पोरं विमानतळावरून आणायची, रूम लावून द्यायची, सिमकार्ड, बँक, पोलिसांकडे नोंदणी, ताप आला तर डॉक्टर. सगळ्यांची मी दीदी. माहितीपत्रकावर त्यांचेच हसरे फोटो, बघा आमच्याकडे जग शिकतं म्हणून. आणि त्याच जगाने तोंड उघडलं की पोलीस!

मेसचा ठेकेदार बदलला. नव्या ठेकेदाराने जुन्या मावश्यांना सकाळी गेटवरूनच परत पाठवलं. मग त्या गेटवरच उभ्या राहिल्या. ड्युटीच्या आधी मी पण गेले, फीत बांधली. आणि अमीना आली. अमीना सुदानची, फार्मसीला. तिच्या देशात लढाई चाललीये, तिचं घर उभं आहे की पडलं ते तिला माहीत नाही. तिला डेंग्यू झाला तेव्हा एक मावशी रोज वेगळी पातळ खिचडी घेऊन वर जायची. अमीनाने माझ्याकडून फीत मागून घेतली आणि तिच्या मोडक्या मराठीत ओरडली, "मावशी परत पाहिजे!"

सगळ्यांनी उचललं. मी पण. जाम आवाज झाला राव!

कोणीतरी मागून व्हिडिओ काढला. नुसत्या पाठी आणि आवाज. तो गेला वरपर्यंत. आधी माझं ते प्रोजेक्टरचं झालं, आणि लगेच कळलं की परदेशी नागरिकांचं बघणारे पोलीस साहेब येणार आहेत, अमीनासाठी. घोषणा तिने सुरू केली असं ठरलं तर व्हिसा जाणार. म्हणजे लढाईत परत.

घरी मी रडत होते. पप्पा चाकणला कंपनीत, आयुष्य युनियनच्या गेटसभेत गेलेलं. आम्ही मूळचे बीडकडचे, त्यांची बोली अजून तीच आहे.

"तुला केबिनमधी बोलावतेल," पप्पा म्हणाले. "आधी चहा देतेल. मंग गोड बोलतेल. मंग नाव इचारतेल."

"मग काय सांगू?"

"गेटावरची रीत हाय की. घोषणा कुणी दिली इचारलं का म्हणायचं, म्या दिली. लय बोलायचं न्हाई. आमच्यात एकेकाला आत घेतलं, समदे म्हनले म्या दिली. मॅनेजर पागल झालता."

"नोकरी जाईल पप्पा."

"जाईल की," म्हणाले, आणि भाकरी मोडली.

दुसऱ्या दिवशी केबिन. आणि आईशप्पथ, चहा आला! कप-बशीत, बिस्किटासकट. त्या डायरेक्टरने आजवर मला पाणी विचारलं नव्हतं. पोलीस साहेब सोफ्यावर. अमीना भिंतीला टेकून उभी, तिला कोणी बस म्हटलं नव्हतं.

"तुम्ही हुशार आहात," डायरेक्टर म्हणाले. "गेटवर घोषणा कोणी दिली, तेवढं साहेबांना सांगा. तुमचं पण प्रकरण इथेच मिटलं. पुढच्या वर्षीचं कॉन्ट्रॅक्ट मी बघतो."

साहेब म्हणाले, "विद्यार्थी व्हिसावर असली भानगड चालत नाही मॅडम. हिने दिली असेल तर स्पष्ट सांगा."

अमीना माझ्याकडे बघत नव्हती. जमिनीकडे.

चहाला हात लावला नाही. म्हटलं, "मी दिली."

"काय?"

"घोषणा मी दिली."

डायरेक्टर खुर्चीतून अर्धे उठले. "खोटं बोलताय! तो आवाज बाहेरच्या मुलीचा आहे."

"सर, माझा आवाज तुम्ही कधी ऐकलाय? मी बोलायला लागले की तुम्ही फोन उचलता."

साहेबांनी हसू दाबलं. मला दिसलं ते. मग म्हणाले, "मॅडम, अंगावर घेताय. लिहून घेऊ?"

"घ्या."

सही केली.  तिथेच कळलं मला, ही माणसं एकट्याला आत घेतात कारण यांना बाहेरच्या सगळ्यांची भीती वाटते.

अमीनाला साहेबांनी समज देऊन सोडलं. "परत गेटकडे दिसलीस तर विमानात बसवीन." माझं आयकार्ड संध्याकाळी गेटवरच्या वॉचमनने काढून घेतलं. तो बिचारा सॉरी म्हणाला. डायरेक्टरने खाली यायची तसदी पण घेतली नाही.

गोड शेवट झाला असं समजू नका. मावश्या अजून बाहेर आहेत. अमीना राहिली, पण गप्प झाली. वर्गात पण हात वर करत नाही म्हणे. हॉस्टेलला नोटीस लागली, परदेशी विद्यार्थ्यांनी कुठल्याही जमावात उभं राहायचं नाही. वाढदिवसाला पण चौघं जमली की वॉर्डन येतो. तिकडे बॉम्ब, इकडे वॉर्डन.

मी आता चाकणला एका छोट्या कंपनीत डिस्पॅचला आहे. पण ॲडमिशनचा सीझन आला ना. सुदान, टांझानिया, येमेन, कुणाची बहीण, कुणाचा मामेभाऊ. जुन्या पोरांकडून नंबर घेऊन सगळे मलाच विचारतात, दीदी, तिथे ॲडमिशन घेऊ का? आणि मी खरं सांगते. लॅब चांगली आहे. जेवण बरं आहे. तोंड मात्र घरी ठेवून या. मग अमीनाचं सांगते, तिचं नाव न घेता. मावश्यांचं सांगते, माझं सांगते. ज्याला दुसरं कॉलेज हवंय त्याला शोधून पण देते, फुकट, रविवार घालवून.

परवा डायरेक्टरचा स्वतःचा फोन. स्वतःचा!

"तुमच्यामुळे आमच्या परदेशी सीटा रिकाम्या राहतायत. हे बंद करा. आपण बसून बोलू."

"बसायला मला वेळ नाही," म्हटलं, "अजून बरीच पोरं विचारतायत."

मला त्याची माफी नको. नोकरी तर नकोच. एकेक सीट मी रिकामी करणार आहे. पुढच्या वर्षी पण, त्याच्या पुढच्या वर्षी पण. हॉस्टेलचा तो परदेशी पोरांचा अख्खा मजला मला रिकामा बघायचाय, दिवे चालू, एसी चालू, आणि आत एक पोरगं नाही.