बेळगावचं अस्वल आणि न वाजलेल्या टाळ्या

शाळेच्या पुस्तकातलं अस्वल मध खायचं आणि शेवटच्या कडव्यात सुखानं झोपायचं. एवढ्याच भांडवलावर, ऐंशी सालाच्या आसपासच्या एका रविवारी, मी निपाणीहून बेळगावला अस्वल बघायला निघालो. तंबाखूच्या वखारीतल्या कारकुनाला दुसरं काय सुचणार?

संकेश्वरपर्यंत बस बरी चालली. वंटमुरीच्या घाटात मात्र म्हशीसारखी दम खात उभी राहिली. बेळगावात उतरून स्टँडसमोर पुरी-भाजी खाल्ली. पुरी थंड, भाजी पाणचट, कडक होता तो फक्त मालक. तुम्ही त्या बाजूला जाणार असाल तर घरून भाकरी बांधून न्या.

उद्यमबागेतल्या कारखान्यांच्या पुढची ती खासगी प्राणिबाग म्हणजे चार पिंजरे, एक कोरडं कारंजं आणि ‘शांतता राखा’ अशी पाटी. पाटीखाली उभं राहून लोक शिट्ट्या मारत होते.

रखवालदार बाळाप्पा स्वतःला मोठा विनोदवीर समजायचा. म्हाताऱ्या अस्वलीच्या कुंडीत आंबील ओतून तो लांब लिंबाखाली गेला आणि गर्दीला तिकडं बोलावून घेतलं. म्हणाला, बायको विचारते, अस्वलाला रोज आंघोळ घालता, मला शहापुरी साडी कधी आणणार? तर ह्याचं उत्तर, अस्वल साडी मागत नाही. असले विनोद! तरी लोक पिंजऱ्याकडं पाठ करून खिदळत होते.

एका गॉगलवाल्यानं टाळ्या वाजवल्या. बाळाप्पाचं तोंडच बदललं.

“हात खिशात घाल रं. टाळी वाजली की तिला वाटतंय, कामाची येळ झाली.”

मागं बघितलं, तर अस्वली जेवण सोडून दोन पायांवर डुलत होती. सर्कशीनं टाकून दिलेली. आदल्या दिवशी शाळेची सहल टाळ्या पिटून गेली, तेव्हा ती उपाशीच राहिली होती. बाळाप्पानं गजाशी बसून, गोंजारून तिला परत कुंडीपाशी आणलं.

एवढ्यात जीपमधून एक हारवाले पुढारी आले. सोबत बागेचा मॅनेजर आणि टाळ्या वाजवायलाच पोसलेली माणसं. मॅनेजरनं हुकूम सोडला, अस्वल नाचव, फोटो काढायचाय. जमत नसेल तर उद्यापासून घरी बस.

बाळाप्पानं हात जोडले. “साहेब, आधी तिला निवद लागतोय. तुमच्याच हातानं.”

पुढाऱ्याच्या दोन्ही हातांत त्यानं भला मोठा भोपळा दिला, मॅनेजरकडं केळीचा घड, बाकीच्यांकडं उसाचे भारे. टाळीला हात कुणाचाच मोकळा उरला नाही. खाली ठेवलं तर ती रागावते, असं बजावलं आणि लिंबाखाली जाऊन गर्दीला म्हणाला, “बघा, ह्यांस्नी बी रोज खायाला घालावं लागतंय. आनि नाचत बी न्हाईत.”

माणसं पोट धरून हसली. पुढारीही हसला, त्याला कळलंच नव्हतं. भोपळ्यासकट फोटो काढून खुशीत गेला, त्यामुळं मॅनेजरला राग गिळावा लागला. तोवर अस्वलीनं कुंडी चाटूनपुसून साफ केली होती आणि गजांकडं पाठ करून ती झोपली होती.

आता ती बाग शोधू नका. तिथं मंगल कार्यालय झालंय.

निपाणीला परतलो त्याच आठवड्यात वखारीत मालकांचा सत्कार झाला, त्यांनी स्वतःच ठरवलेला. दर वाक्याला टाळ्या. माझे हात खिशात. शेजारचा कुजबुजला, “आण्णा, हात दुखत्यात काय?”

“न्हाय,” म्हटलं. “कुणीतरी जेवत असंल.”